गळाला लागलेला लेपा: खायचा की सोडायचा? घाट उतरून गरवायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

सरळ उत्तर आधी देतो. लेपा, म्हणजे समुद्राच्या तळाशी आडवा पडून राहणारा चपटा मासा, खायला चांगला असतो, आणि गळाने धरलेला लेपा जाळ्यातल्या लेप्यापेक्षा चांगला असतो. जाळ्यातला लेपा बाकीच्या मासळीच्या ओझ्याखाली चेंगरतो, तासन्‌तास ओढला जातो आणि वर येतो तेव्हा बहुतेक वेळा मेलेला असतो. गळाचा मासा एकटा वर येतो आणि जिवंत हातात पडतो. त्याला कधी मारायचं, कसं थंड करायचं, सगळं आपल्यावर असतं.

तरीही कोल्हापुरात "लेप्याला काय चव नाही, नुसता चिखल लागतोय" म्हणणारे ढिगाने भेटतील. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी खाल्लेला लेपा तसाच असणार. पण पाण्यातून निघाल्यापासून तव्यावर पडेपर्यंत त्या माशाचं जे झालं, त्यात दोष माशाचा फार थोडा असतो. पंचगंगेवर किंवा राधानगरीच्या फुगवट्यावर गळ टाकणाऱ्या आपल्या मंडळींची एक सवय असते: मासा पिशवीत टाकायचा, पिशवी पाण्यात सोडायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. चिलापी, मरळ, वांब यांना ते चालून जातं, कारण घर अर्ध्या तासावर असतं. रत्नागिरी किंवा मालवणहून मासा आणायचा तर तीन-चार तासांचा रस्ता आणि मध्ये घाट. तिथे ही सवय मोडावी लागते.

आधी ओळख पटवा

चपटा दिसला म्हणजे लेपा नव्हे. पापलेट चपटा असतो, पण तो पाण्यात उभा पोहतो आणि त्याला दोन बाजूंना दोन डोळे असतात. आपल्याकडे आठवडी बाजारात गोड्या पाण्यातलं पापलेट म्हणून जो रूपचंद खपवतात, त्याचाही लेप्याशी काही संबंध नाही. तो तळ्यात वाढवलेला दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. खरा लेपा तळाशी आडवा पडून राहतो. वरची बाजू वाळूच्या नाहीतर गाळाच्या रंगाची, खालची पांढरी, आणि दोन्ही डोळे वरच्या बाजूला. जन्मतः त्याचं पिल्लू चारचौघांसारखंच असतं, एकीकडे एक डोळा, दुसरीकडे दुसरा. वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडे जातो आणि मग तो मासा जन्मभर एका कुशीवर पडून जगतो.

कोकण किनाऱ्यावर गळाला लागणारे चपटे मासे खाण्याच्या दृष्टीने तीन गटांत बसवले तरी पुरे.

पहिला लांबट, जिभेच्या आकाराचा लेपा. पाठीचा, शेपटीचा आणि पोटाचा पर मिळून एकच झालर झालेली असते. तोंड बारीक आणि वाकडं, डोळे टिचभर आणि डाव्या अंगाला. हाच सगळ्यात जास्त मिळतो.

दुसरा भाकस. हा जाड, रुंद, मोठ्या तोंडाचा आणि दातांचा. पाठीचा पर डोक्यावरून सुरू न होता बराच मागून सुरू होतो, ही त्याची पक्की खूण. याचे डोळे काही माशांत डावीकडे तर काहींत उजवीकडे असतात, त्यामुळे डोळ्यांवरून घोळ घालू नका. लेपा गाळातले किडे आणि बारीक कोळंबी टिपतो, भाकस मासे खातो. गळ सोडवताना बोटं जपा, पक्कड वापरा.

तिसरा या दोहोंच्या मधला, अंडाकृती, डाव्या डोळ्यांचा, अंगावर ठिपके असलेला. खायला उत्तम, पण आकाराने बेताचा.

बाजारात आणि बंदरावर ही नावं सर्रास अदलाबदल होतात. कुणी लेप्याला भाकस म्हणतं, कुणी भाकसाला लेपा. त्यावरून वाद घालत बसू नका, अंग बघा.

एका प्राण्याची मात्र गल्लत करायची नाही: पाकट. तोही चपटा, तोही वाळूत पुरून घेतो, पण तो शार्कच्या कुळातला. हाडांऐवजी कूर्चा, लांब चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर विषारी काटा. कंबरभर पाण्यात उतरून गळ टाकणार असाल तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरका. पाकट हालचाल जाणवून बाजूला होतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पाकटही लोक आवडीने खातात, पण तो साफ करण्याची रीतच वेगळी. पहिल्यांदा घाट उतरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

कुठे आणि कधी

यात फार वेळ घालवत नाही, कारण प्रश्न खाण्याचा आहे. लेपा वाळू आणि गाळाच्या सपाट तळावर असतो, खडकात नाही. रत्नागिरीजवळ भाट्याची वाळू आणि तिथलं खाडीचं मुख, मालवणकडे कर्ली नदी समुद्राला मिळते तो देवबाग-तारकर्लीचा पट्टा, अशा जागा. मालवणला एक ध्यानात ठेवा: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या गाभ्याच्या भागात मासेमारीला बंदी आहे. स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय तिकडे दोरी टाकू नका.

गळ बारीक आणि लांब दांड्याचा घ्या. लेप्याचं तोंड लहान असतं, आणि तो आमिष चावत नाही, गिळतो. लांब दांड्याचा गळ निदान बाहेर काढता तरी येतो. आमिष म्हणून कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, आणि शिसं असं की आमिष तळाशी पडून राहील. अंधार पडल्यावर लेपा जास्त हलतो. भाकस हवा असेल तर आमिष म्हणून माशाची फोड लावा.

पावसाळ्यात जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला तो नियम लागू पडो न पडो, त्या दिवसांतल्या लाटेपुढे कुणी शहाणपणा करू नये. तसाही श्रावण संपेपर्यंत आपल्याकडे निम्म्या घरांत मासा शिजत नाही. नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवळू द्या.

ठेवायचा की सोडायचा: चार गोष्टी बघा

यावर चवीचा अर्धा निकाल लागतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली लांबी. हाताची वीत पसरा. लेपा वितीपेक्षा लहान असेल तर सोडून द्या. त्यात खाण्यासारखं काही नसतं, सोलताना निम्मं मांस कातडीबरोबर जातं, आणि अजून एकदाही अंडी न घातलेला मासा मारण्यात काय मिळणार? भाकसाला वीतभर लांबी म्हणजे पोरगंच ते. तो कोपरापासून मनगटाएवढा तरी असू दे.

दुसरी जाडी. ही लांबीपेक्षा महत्त्वाची, आणि याकडे कुणी बघत नाही. मासा तळहातावर आडवा ठेवा आणि डोक्यामागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबा. मांस भरलेलं, दाबल्यावर परत वर येणारं हवं. अंगठा थेट हाडाला लागला, मांस पिळपिळीत वाटलं, तर तो अंडी घालून रिकामा झालेला मासा आहे. सगळी ताकद अंड्यांत गेलेली असते, मांसात पाणी भरलेलं असतं. तव्यावर असा लेपा पाणी सोडतो, आक्रसतो आणि खाताना लगदा लागतो. "लेपा बेचव" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ताटात हाच आलेला असतो.

तिसरी गाभोळी. मासा सूर्याकडे किंवा बॅटरीच्या उजेडासमोर धरा, पांढरी बाजू आपल्याकडे. लेपा इतका पातळ असतो की आतली गाभोळी सावलीसारखी दिसते: पोटापासून शेपटीच्या दिशेने निमुळती होत गेलेली गडद पट्टी. बाकीच्या माशांची गाभोळी पोटातच मावते, लेप्याची मात्र पोटाच्या पिशवीमागून मांसाच्या कडेने मागे सरकते. पट्टी अर्ध्या अंगापर्यंत गेली असेल तर मादी अंडी घालायला आली आहे. गाभोळी चवीला छान लागते, मला नाकारायचं नाही. पण त्या दिवसांत मांस उतरलेलं असतं, आणि अशी मादी परत सोडली तर पुढच्या हंगामाची सोय होते. मी सोडतो. तुम्ही ठेवलीत तर निदान गाभोळी फेकू नका.

चौथी जागा. चपटा मासा गाळातच लोळतो, गाळातलंच खातो. गाळात जे साचतं ते त्याच्या अंगात येतं. शहराच्या नाल्याचं तोंड, कारखान्यांचं सांडपाणी उतरतं अशी खाडी, बंदराच्या धक्क्यालगतचं तेलकट पाणी, अशा ठिकाणी धरलेला लेपा कितीही ताजा, जाड, देखणा असला तरी खाऊ नका. प्रदूषित नदीतला मासा म्हणजे काय, हे पंचगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मोकळ्या वाळूचा किनारा, भरतीचं स्वच्छ पाणी, तिथला मासा घ्या. अंगावर जखमा, गाठी, फोड असलेला मासा कुठलाही असो, सोडून द्या.

सोडताना हात ओला करा, मासा वाळूत आपटू नका. गळ घशाखाली गेला असेल तर ओरबाडून काढण्यापेक्षा दोरी तोंडाशी कापा. गळासकट सोडलेला मासा पुष्कळदा जगतो, आतडं फाटलेला नाही.

पहिला अर्धा तास

ठेवायचा ठरला की लगेच मारायचा. लेपा पाण्याबाहेर चिवटपणे जगतो. बादलीत टाकला तर बराच वेळ फडफडत राहतो, आणि तेवढ्यात अंगातली ताकद संपून मांस लवकर खराब व्हायला लागतं. हे क्रूर तर आहेच, चवीलाही वाईट.

डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या टणक भागावर लाकडी दांडक्याचा एक नेमका ठोका. मग पांढऱ्या बाजूने कल्ल्याचं झाकण उचला, आतल्या लाल कल्ल्यांच्या मुळाशी सुरीचं टोक घालून कापा आणि मासा डोकं खाली करून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा. रक्त निघून जातं. हे केलेल्या आणि न केलेल्या माशातला फरक घरी गेल्यावर पांढऱ्या बाजूवर दिसतो: एकाची बाजू स्वच्छ पांढरी, दुसरीवर गुलाबी-तांबडे डाग आणि कण्याजवळ काळसर रेघ. ती रेघ शिजल्यावर कडवट लागते.

मग पोट. लेप्याचं पोट एवढंसं, कल्ल्याच्या मागे, फार तर दोन बोटांचं. कल्ल्यामागे छोटी तिरपी चीर द्या, बोटाने आतडं ओढून काढा, पोकळी समुद्राच्या पाण्याने धुवा. चिखलाच्या वासाचा मोठा वाटा इथेच जातो, कारण त्या आतड्यात गाळातले किडे आणि गाळच भरलेला असतो. आतडं आत ठेवून चार तास उन्हातून प्रवास केला की तो वास मांसात मुरतो. मग घरी कितीही लिंबू चोळा.

उरला वास कातडीवरच्या बुळबुळीत थरात असतो, तो घरी जाईल. किनाऱ्यावर कातडी काढू नका. प्रवासात तीच मांसाचं रक्षण करते.

बर्फ, पेटी आणि घाट

आपल्या हवेत माशाच्या वजनाएवढा बर्फ हवा. दोन किलो मासा, दोन किलो बर्फ, त्याहून कमी नको. बंदरांवर बर्फाचे कारखाने असतात, तिथे फोडलेला बर्फ मिळतो. सकाळी जातानाच घेऊन ठेवा. परतीच्या वेळी लिलावाची गर्दी असते आणि तुमच्या दोन किलोकडे कोण लक्ष देणार!

थर्माकोलची पेटी पुरते. तळाला बर्फ, वर मासे, मग पुन्हा बर्फ. लेपे एकावर एक रचले तर मधल्या माशाला गारवा पोचत नाही, म्हणून प्रत्येक थरात बर्फ हवाच. पोटाच्या चिरेतही चिमूटभर बर्फ भरा. पेटीच्या तळाला बारीक भोक ठेवा आणि खाली ताट, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल. चार तास गोड्या पाण्यात भिजलेला लेपा फुगतो, त्याचा रस पाण्यात जातो. मासे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून बर्फात ठेवले तर ही भानगडच राहत नाही.

पेटी गाडीच्या डिकीत ठेवायची तर तिच्यावर जुनी चादर किंवा पोतं ओलं करून टाका. आंबा घाट चढून आलात, मलकापूरला चहाला थांबलात, तर गाडी सावलीला लावा. एस.टी.ने येणार असाल तर पेटीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. एकदा का पाणी गळून शेजारच्या आजींच्या पिशवीपर्यंत पोचलं, की पुढचे दोन तास तुम्हीच चर्चेचा विषय.

आता घाटावरच्यांना दिलासा देणारी गोष्ट. मेल्यानंतर काही तासांत मासा ताठ होतो. त्या ताठरलेल्या अवस्थेत तळला तर तो तव्यावर वाकतो आणि चामट होतो. भाकसासारख्या जाड माशाला ताठरपणा उतरेपर्यंत बर्फात वेळ दिला तर मांस मऊ आणि चवदार होतं. म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तासाभरात तळलेल्या भाकसापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात तळलेला भाकस सरस लागू शकतो. अट एकच: बर्फ कुठेही कमी पडलेला नसावा. पातळ लेप्याला ही सवलत नाही. तो त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊन टाका.

आणखी एक जमेची बाजू. बांगडा, तारली, कुपा हे मासे गरम राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि मग अंगावर पुरळ, तोंड लाल होणं, डोकेदुखी असा त्रास होतो. शिजवूनही तो घटक जात नाही. लेपा-भाकस त्या माशांत मोडत नाहीत. म्हणून ते उन्हात ठेवायचे असं नाही. नासायचे ते नासतातच.

घरी: वास, मग कातडी

पेटी उघडल्यावर आधी नाक वापरा. समुद्राचा, शेवाळाचा हलका वास ठीक. आंबूस किंवा झोंबणारा वास आला की मासा टाकून द्या, "मसाल्यात जाईल" म्हणू नका. लेप्याचे डोळे इतके बारीक असतात की बाकी माशांसारखं डोळ्यांवरून ताजेपण ओळखता येत नाही. खालची बाजू बघा: पांढरी चकचकीत हवी. पिवळट, मळकट झाली असेल तर उशीर झालाय.

आता कातडी. कोकणातल्या बायका बोलता बोलता पंधरा-वीस लेपे सोलतात आणि आपण एकाशी झटापट करतो, ती एका युक्तीअभावी. युक्ती मिठाची आहे. असं करा:

लेपा पाटावर वरची, काळपट बाजू वर करून ठेवा. कात्रीने दोन्ही कडांची पराची झालर कापून टाका, त्यातच सगळे बारीक काटे असतात. नाकाच्या टोकाशी, तोंडाच्या किंचित मागे, आडवी उथळ चीर द्या. कातडी तुटली पाहिजे, मांस नाही. सुरीच्या टोकाने कातडीचा कोपरा नखाएवढा उचला. आता जाडं मीठ बोटांना आणि त्या कोपऱ्याला चोळा. बुळबुळीत कातडी पकडीत येते ती इथे. एका हाताने डोकं दाबून धरा, दुसऱ्याने कातडी शेपटीकडे ओढा. वर उचलू नका, माशाला जवळजवळ समांतर, एका संथ ओढीत. नीट निघाली तर पूर्ण पट्टा एकसंध येतो, बारीक चर्र आवाज करत, आणि खाली ओलं, काचेसारखं झाक असलेलं मांस उघडं पडतं. मधेच तुटली तर शेपटीकडून नवी चीर देऊन उलट ओढा.

पांढऱ्या बाजूची कातडी पातळ असते. लहान लेप्याला ती तशीच ठेवली, खवले खरवडून, तरी चालतं. तळल्यावर कुरकुरीत होते. काळपट बाजूची मात्र काढाच. बुळबुळीत थर तिच्यावर, वास तिच्यात.

भाकसाला एवढी यातायात नको. खवले काढा, पर कापा, डोकं वेगळं करा आणि कण्याला आडव्या, दोन बोटं जाडीच्या तुकड्या पाडा. घरात काट्याला घाबरणारी पोरं किंवा म्हातारी माणसं असतील तर चार पट्ट्या काढा. चपट्या माशाचा कणा बरोबर मधोमध जातो, म्हणून वरून दोन आणि खालून दोन पट्ट्या निघतात. मधल्या रेषेवर हाडापर्यंत सुरी घाला, मग सुरी आडवी करून हाडावरून कडेकडे सरकवत न्या. सुरी हाडाला घासतेय असा आवाज येत राहिला पाहिजे. पट्टीत एकही काटा उरत नाही, आणि मत्स्याहाराला नाक मुरडणाऱ्या पोरांची सुरुवात करायला यापेक्षा चांगलं काही नाही.

हाडं आणि डोकं टाकू नका, पुढे लागतील.

शिजवणं: चटणीला आवर

आपल्या हाताला सवय मटणाची. कांदा-लसूण चटणी मूठभर पडल्याशिवाय आपल्याला रंग आला असं वाटत नाही. लेप्याचं मांस पांढरं, कमी चरबीचं, किंचित गोडसर. त्याच्यावर मटणाएवढी चटणी टाकली तर ताटात चटणीच उरते. तेवढंच करायचं असेल तर चिलापी आहे की, स्वस्तात.

लेपा फ्राय: सोललेल्या लेप्याला मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण, आमसुलाचं घट्ट पाणी किंवा लिंबू, आणि चार लेप्यांना मिळून एक चहाचा चमचा कोल्हापुरी चटणी. पंधरा मिनिटं, त्यापुढे नाही. बांगड्याला आपण तास-दीड तास मुरवतो, पण लेप्याचं पातळ मांस आंबटात जास्त राहिलं की विरघळायला लागतं. तळण्याआधी मासा कापडाने टिपून घ्या. ओल्या माशाला रवा चिकटतो आणि तव्यावर सुटतो. दोन वाटे बारीक रवा, एक वाटा तांदळाचं पीठ, दाबून लावा. लोखंडी तव्यावर तेल चांगलं तापू द्या, मासा ठेवल्यावर आच मध्यम करा. तीन मिनिटं हात लावायचा नाही. कडा सोनेरी दिसल्या की रुंद उलथन्याने एकदाच उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं. मधोमध सुरीचं टोक घालून बघा: मांस दुधाळ पांढरं होऊन हाडापासून सुटत असेल तर झालं. लेपा जास्त तळला की कोरडा पडतो, त्याच्यात चरबी नाही सावरून घ्यायला.

भाकसाच्या तुकड्यांना प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं लागतात. त्याला चटणी थोडी जास्त सोसते.

कालवण करायचं तर लेपा उकळत्या रश्श्यात शेवटी घाला आणि नंतर डाव ढवळू नका, पातेलं नुसतं फिरवा. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद यांचं वाटण, आमसूल, आणि हाताशी असतील तर चार-पाच तिरफळं ठेचून. पाच-सहा मिनिटांत मासा शिजतो. तांबड्या रश्श्यात लेपा घालायच्या फंदात पडू नका, तुकडे शोधावे लागतील.

पण पांढऱ्या रश्श्याची गोष्ट वेगळी. बाजूला ठेवलेली हाडं आणि डोकं (कल्ले काढून) धुवून घ्या, कांदा, आल्याचा तुकडा, चार मिरी घालून मंद आचेवर वीस मिनिटं उकळा आणि गाळा. मटणाच्या हाडांसारखं तासभर ठेवलं तर ते पाणी कडवट होतं, म्हणून घड्याळ बघा. त्या पाण्यात काजू-खसखशीची पेस्ट आणि नारळाचं दूध, तुपात खडा मसाला, वरून पांढरी मिरी. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही. भाकसाच्या हाडांचा हा रस्सा नेहमीच्या पांढऱ्या रश्श्यापेक्षा हलका लागतो. मटणवाले मित्र आधी हसतात, मग वाटी पुढे करतात.

कुणी जपून खावं

पारा मोठ्या, दीर्घायुषी, शिकारी माशांत जास्त साठतो: शार्क, तलवार मासा वगैरे. लेप्यासारखे लहान चपटे मासे कमी पाऱ्याच्या गटात येतात, म्हणून स्वच्छ पाण्यातला, नीट शिजवलेला लेपा गरोदर बाईला आणि लहान मुलांना चालतो. माशाची ॲलर्जी असलेल्यांना अर्थात कुठलाच चालणार नाही. मांसात कधी पांढरी, दोऱ्यासारखी अळी दिसली तर घाबरू नका. समुद्री माशांत ती असते, काढून टाका आणि मासा आतपर्यंत, ६३ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचे प्रयोग घरी नकोत. उष्ण समुद्रांतल्या काही चपट्या माशांच्या पराच्या मुळाशी दुधाळ, शत्रूला पळवणारा द्रव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. पर कापून कातडी काढायची रीत पाळली की तीही चिंता उरत नाही.

उरला तर

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या पिशवीवर, झाकून ठेवलेला साफ केलेला मासा दोन दिवस टिकतो. पातळ लेपा एकच धरा. फ्रीझरला टाकायचा तर सोलून, टिपून, एकेक वेगळा प्लॅस्टिकमध्ये हवा न राहता गुंडाळून टाका. नुसता पिशवीत ढकलला तर कडा वाळून कापसासारख्या होतात. उणे १८ अंशाला दोन-तीन महिने हरकत नाही, पण आपल्या फ्रीझरचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं आणि उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा महिन्याभरात संपवा. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. गरम पाण्यात सोडून घाई केली तर बाहेरचं मांस शिजायला लागतं आणि मधे बर्फ तसाच. फ्रीझरमधला लेपा तळण्यापेक्षा कालवणात घाला. पाणी सोडतोच तो, रश्श्यात ते खपून जातं.

तळलेला उरला असेल तर सकाळी पुन्हा तव्यावर टाकू नका, चामडं होईल. मांस बोटांनी कुस्करून काटे काढा, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, उकडलेला बटाटा घालून टिक्क्या थापा, आणि गरम भाकरीबरोबर खा.